पस्तीस रुपयांची मदतनीस

पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरला न्हावऱ्याच्या दिशेनं वळलं की लगेचच तळेगाव ढमढेरे लागतं. गाव वेळ नदीच्या काठी वसलेलं आहे. मावळातल्या तळेगाव दाभाड्याशी त्याची नेहमी गल्लत होते. १७७९ साली मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडलं ते त्या दुसऱ्या तळेगावच्या परिसरात. ढमढेऱ्यांच्या तळेगावालाही सरदारांचा इतिहास आहे आणि तो गावकऱ्यांना तोंडपाठ असतो. पण याच गावात आणि शिरूर-दौंडच्या गावागावांत आणखी एक इतिहास गेली पन्नास वर्षं घडतो आहे, आणि तो लिहिण्याची तसदी फारशी कुणी घेतलेली नाही. मुलांना सांभाळणाऱ्या, बाळंतिणीच्या दारी जाणाऱ्या, आजाऱ्याची विचारपूस करणाऱ्या बायकांच्या मोबदल्याचा तो इतिहास.

सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांमुळे हा पट्टा बदलला. परप्रांतातून आणि मराठवाड्यातून आलेली कुटुंबं भाड्याच्या खोल्यांत राहू लागली. उसाच्या हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. या सगळ्या घरांतलं सहा वर्षांखालचं मूल कुणाच्या तरी यादीत असतं. ती यादी अंगणवाडी सेविकेच्या वहीत असते, आणि आता फोनमध्येही.

अंगणवाडीतलं एक काम जवळून पाहावं: वजन. काट्याला झोळी अडकवायची, रडणाऱ्या पोराला तीत बसवायचं, त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत ना हे बघायचं, काटा स्थिर होईपर्यंत त्याला हसवत ठेवायचं. मग आकडा वाचून वाढीच्या तक्त्यावर बरोब्बर त्या महिन्यावर टिंब मांडायचं. टिंब हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात घसरलं, तर त्याच दिवशी घरी जाऊन आईशी बोलायचं. ती कारखान्यात गेलेली असेल तर संध्याकाळी पुन्हा जायचं. सासूला वाईट वाटू न देता ताटात डाळ का वाढवायची ते सांगायचं. तोवर मदतनिसानं खोली झाडून, पाणी भरून, खिचडी शिजवलेली असते. पोरांचे हात धुणं, नाक पुसणं, चड्डी बदलणं हेही तिच्याच वाट्याला येतं.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तेव्हा मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये ठरले, मॅट्रिक झालेलीला १५०. मदतनिसाला ३५ रुपये. दिवसाला रुपया आणि वर काही पैसे. हा आकडा ठरवताना ही बाई घर कशावर चालवेल, हा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल असं वाटत नाही. तिला घर चालवायचंच नाही, घरचा खर्च नवरा करतो आणि ही फावल्या वेळात गावाची सेवा करते, असं गृहीत धरलं होतं. पुढच्या पन्नास वर्षांची सगळी भांडणं या एका गृहीतकाशी आहेत.

हे गृहीतक १९७५ साली आभाळातून पडलं नाही. गावगाड्यात बाळंतपण सुईण करायची. नाळ कापणं, बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणं, वार पुरणं ही कामं तिची. ती बहुधा ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं अशा जातींतली किंवा एखाद्या गरीब घरातली वयस्क बाई असे. मोबदला म्हणजे धान्य, खण-नारळ, फार तर लुगडं. मुलगा झाला तर थोडं जास्त. हात तिचेच लागत होते, पण त्यांचं मोल यजमानाच्या मर्जीवर होतं. काम जितकं आवश्यक तितकाच त्याला विटाळ चिकटलेला. ज्या कामाशिवाय एकही घर चालत नव्हतं, त्या कामाला भाव मागण्याची सोय नव्हती.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं सेवासदन उभं राहिलं आणि विधवा, परित्यक्ता मुली परिचारिका आणि सुईणीचं शिक्षण घेऊ लागल्या. चांगल्या घरच्या बाईनं परक्याच्या जखमा धुवायच्या, ही कल्पनाच त्या काळच्या पुण्याला मानवणारी नव्हती. सेवासदननं या कामाला शिक्षण दिलं, गणवेश दिला, पगाराची नोकरी दिली. काळजी घेणं हे शिकून करायचं काम आहे आणि त्याला पगार असतो, हे महाराष्ट्रानं तिथे पाहिलं. पण ते शहरातल्या दवाखान्यांपुरतं राहिलं. खेड्यात सुईण खण-नारळावरच होती.

अंगणवाडीची मूळ कल्पना ताराबाई मोडकांची. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातल्याच मोरगावचा, १९१० सालचा. लहानपणीच वैधव्य आलं, मग शिकून त्या शिक्षिका झाल्या आणि बोर्डी व पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आयुष्य घालवलं. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. दोघींचा त्याग खरा होता आणि त्याबद्दल आदरच वाटतो. पण सरकारनं त्यांची अंगणवाडी उचलताना त्यांचा त्यागही उचलला आणि तो देशभरातल्या बायकांवर सक्तीचा केला, असं स्पष्ट म्हटलं पाहिजे. अनुताईंनी साधेपणा स्वतः निवडला होता. शिरूर तालुक्यातल्या मदतनिसाला निवड करायला कुणी सांगितलं नव्हतं.

अंगणवाडी योजना आली त्याच काळात याच मातीत वेगळा दाखलाही होता. १९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग खडी फोडायला आणि पाझर तलाव खोदायला गेला. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. त्या कायद्यात एक तरतूद केली होती. कामावर आलेल्या बायकांसोबत पाच किंवा अधिक लहान मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईची नेमणूक करायची आणि तिला बाकीच्यांइतकीच मजुरी द्यायची. म्हणजे बांधावर झाडाच्या सावलीत पाच पोरं सांभाळली तर ती मजुरी, आणि गावात पक्क्या खोलीत वीस-पंचवीस पोरं सांभाळून, शिकवून, त्यांना खाऊ घालून, वर दहा नोंदी ठेवल्या तर ते मानधन. सरकारकडे या फरकाचं समाधानकारक उत्तर कधीच नव्हतं.

मानधनात वाढ झाली, पण किती सावकाश ते आकडेच सांगतात. मॅट्रिक सेविकेचे १५० रुपये १९७८ साली १७५ झाले, १९८६ साली २७५, १९९२ साली ४००, १९९७ साली ५००. हजार रुपये व्हायला २००२ साल उजाडावं लागलं. मदतनीस तेव्हा ५०० वर होती. १९८९ साली अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. महाराष्ट्रात वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांनी मिळून कृती समिती केली. एम. ए. पाटील आणि शुभा शमीम ही त्यातली नावं सेविकांच्या घराघरांत माहीत आहेत. पुण्यात त्याआधी १९८० साली मोलकरणींनी संप करून शहराला हादरवलं होतं. भांडी घासणाऱ्या बाया कामावर आल्या नाहीत तर मध्यमवर्गीय घराचं काय होतं, ते पुण्यानं तेव्हा अनुभवलं. घरकाम आणि काळजीचं काम करणाऱ्या बायका एकत्र येऊ शकतात, हा धडा या जिल्ह्यानं लवकर गिरवला.

न्यायालयात मात्र वाट खडतर होती. डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटकातल्या अमीरबी प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी सेविकेचं पद हे सरकारी पद नव्हे. भरतीचे नियम तिला लागू नाहीत, ती निवडणूकही लढवू शकते, तेव्हा ती सरकारी कर्मचारी कशी? या निकालानं अनेक वर्षं दारं बंद केली. २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनं योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि निवृत्तिवेतन द्यावं अशी शिफारस केली. सरकार, मालक आणि कामगार संघटना असे तिन्ही पक्ष बसतात, अशी ती परिषद. शिफारस कागदावर राहिली. २५ एप्रिल २०२२ रोजी न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या खंडपीठानं गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं ठरवलं आणि त्यांच्या हलाखीकडे सरकारांनी गांभीर्यानं बघावं असंही सुनावलं. पंधरा वर्षांहून अधिक काळानं एक दार किलकिलं झालं.

या मधल्या काळात दुसरी एक बाई गावात कामाला लागली होती. तिच्या आधी १९७७ साली जनता सरकारनं गावोगाव आरोग्यरक्षक नेमले होते, ५० रुपये महिना देऊन, आणि त्यातले बहुतेक पुरुष होते. ती योजना विरून गेली. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' आरोग्य कार्यकर्ती आली. या वेळी फक्त बायका. त्यांना महिन्याचा ठरावीक मोबदला नव्हता, कामागणिक पैसे.

आशाच्या अनेक कामांपैकी नवजात बाळाच्या घरभेटी हे काम महाराष्ट्राच्या अभिमानाचं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. घरी जाऊन बाळाचा ताप बघणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग वेळेत ओळखणं एवढ्यानं ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि जगानं दखल घेतली. २०११ पासून देशभरच्या आशा तेच करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. सहा भेटी, प्रत्येकीचा भरलेला तक्ता, आणि सगळं पूर्ण झाल्यावर मिळून २५० रुपये. भेटीमागे बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. वस्ती रानात असेल तर रिक्षाच्या भाड्यातच ते संपतात. बाळाला वाचवणारं शास्त्र लॅन्सेटचं आणि मजुरी ही अशी!

मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोरोना रुग्ण पुण्यात सापडले. पुढचे महिने पुणे जिल्ह्यातली प्रत्येक आशा आणि सेविका दारोदार फिरत होती. कारखाने बंद पडले, खोल्या रिकाम्या करून माणसं चालत निघाली, गावांनी वेशी बंद केल्या. अशा वेळी बाहेरून कोण आलं, कुणाला खोकला आहे, कुणाच्या अंगठ्यावर ऑक्सिमीटर लावायचा, हे त्यांनी पाहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली आणि पुन्हा घर न घर पालथं घातलं. त्यासाठी आशांना केंद्राकडून महिना हजार रुपये मिळत होते. लोक टाळ्या वाजवत होते, काही ठिकाणी दारही लावून घेत होते. १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या आणि आठवड्याभरात सरकारनं आशांना मानधनात हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता कबूल केला. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला.

अंगणवाडीचा मोठा संप त्याआधी, ११ सप्टेंबर २०१७ चा. सुमारे दोन लाख सेविका आणि मदतनिसांनी २६ दिवस कुलूप लावलं. सेविकेचे पाच हजारांचे साडेसहा हजार झाले, मदतनिसाचे अडीच हजारांचे साडेतीन हजार. पुढे जे झालं ते विसरण्यासारखं नाही. मार्च २०१८ मध्ये सरकारनं त्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लावला. विधिमंडळात सत्ताधारी मित्रपक्षासह सगळ्यांनी गदारोळ केला आणि काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. पगाराची वेळ आली की या बायका कर्मचारी नव्हेत, त्या स्वयंसेविका. संपाची वेळ आली की त्यांच्याविना राज्य चालत नाही, इतक्या अत्यावश्यक. दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं, आणि मेस्मा लावताना सरकारनंच ते कोणतं हे सांगून टाकलं.

ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. हँडसेट जुने, सतत तापणारे, बंद पडणारे, दुरुस्तीचा खर्च पदरचा, आणि नोंदी भरण्याचं पोषण ट्रॅकर हे ॲप धड मराठीत नाही. पोतंभर फोन कार्यालयाच्या टेबलावर आणून ठेवणं हे महाराष्ट्राच्या आंदोलनांच्या इतिहासातलं एक वेगळंच दृश्य होतं. २० फेब्रुवारी २०२३ ला पुन्हा संप झाला. मार्चच्या अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५०० झालं. ४ डिसेंबर २०२३ पासूनचा संप सर्वांत लांबला, सात आठवड्यांहून अधिक. थंडीत आझाद मैदान, कामावरून काढण्याच्या नोटिसा, घरून 'आता पुरे' म्हणणारे फोन. मागणी २६ हजारांची होती, निवृत्तिवेतनाची आणि ग्रॅच्युइटीची होती. जानेवारीच्या अखेरीस संप मिटला, आणि पुढच्या ऑक्टोबरात सेविकेच्या मानधनात तीन हजारांची आणि मदतनिसाच्या दोन हजारांची वाढ झाली, वर कामगिरीवर आधारित प्रोत्साहन भत्ता. आशांनाही ऑक्टोबर २०२३ मध्ये संप करावा लागला. तेव्हा आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारीत पुन्हा संप, पुन्हा आझाद मैदान. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या वाट्यात पाच हजारांची वाढ पदरात पडली.

तारखा अशा एकापाठोपाठ मांडल्या की एक गोष्ट लपत नाही. संप किंवा मोर्चा न करता यातली एकही मोठी वाढ आलेली नाही. मागण्यांसाठी पुणे जिल्हा परिषदेच्या दारात बसलेली बाई हट्टी आहे, असं म्हणणाऱ्यांनी हे वेळापत्रक एकदा बघावं.

यात एक वर्ग पूर्ण बाहेर राहतो. दौंडहून सकाळच्या गाडीनं किंवा नगर रस्त्यानं बसनं पुण्याला जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांचा हा वर्ग. बारा तासांची पाळी, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलणं-पुसणं, डायपर बदलणं, आणि कामाला पाठवणाऱ्या ब्यूरोचं कमिशन कापून हातात येणारे पैसे. महाराष्ट्रानं २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण कल्याण मंडळ म्हणजे किमान वेतन नव्हे. शहरातली मुलं परदेशी गेली आणि म्हातारे मागे राहिले, तशी या कामाची गरज वाढतच जाणार आहे.

बाहेरच्या जगात हा प्रश्न सुटलेला दिसतो, निदान काही ठिकाणी. न्यूझीलंडमध्ये वृद्धाश्रमात वीसहून अधिक वर्षं काम केलेल्या क्रिस्टीन बार्टलेट यांनी २०१२ साली संघटनेच्या मदतीनं दावा लावला. या कामाचा पगार कमी आहे कारण ते बायका करतात, हा त्यांचा मुद्दा. २०१४ साली अपील न्यायालयानं तो उचलून धरला. २०१७ साली सरकारनं दोन अब्ज न्यूझीलंड डॉलरचा समझोता केला आणि ५५ हजार कामगारांचे पगार १५ ते ५० टक्क्यांनी वाढले. श्रीमंत देशाचं सोडा म्हणावं, तर पाकिस्तान बघावा. तिथे १९९४ साली सुरू झालेल्या योजनेतल्या लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे आपल्या आशांच्या बहिणीच, वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या, सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि सरकारी सेवेत कायम झाल्या. तिजोरी आपल्यापेक्षा मोठी होती म्हणून ते झालं, असं कुणी म्हणू शकणार नाही.

इकडे केंद्र सरकारनं १ ऑक्टोबर २०१८ पासून राज्याची भर सोडून सेविकेचं मूळ मानधन ४,५०० आणि मदतनिसाचं २,२५० केलं. त्यात केंद्राचा हिस्सा साठ टक्के. योजनेला पन्नास वर्षं झाली तेव्हाही हे आकडे तेच होते. मधली सात वर्षांची महागाई राज्याच्या वाढीनं आणि बायकांनी स्वतः पोट बांधून भरून काढली.

दर २ ऑक्टोबरला, योजनेच्या वाढदिवशीच, महाराष्ट्रात ग्रामसभा भरते. तळेगाव ढमढेरे असो, न्हावरे असो की दौंड तालुक्यातलं एखादं गाव असो, त्या सभेत रस्ता, गटार आणि दिव्यांचे ठराव होतात. यंदा गावातल्या सेविका, मदतनीस आणि आशा यांना किमान वेतन आणि निवृत्तिवेतन मिळावं असा ठराव कुणीतरी मांडावा, आपल्या पोराचं वजन ज्या बाईनं केलं तिच्यासाठी हात वर करावा, आणि त्या ठरावाची प्रत आपल्या आमदार-खासदारांना स्वतः नेऊन द्यावी.